पुट्टी घासावी यंत्राने की हाताने?



सुगी आटोपली की गावोगावी घरांना रंग निघतात. पूर्वी शेणामातीचे सारवण आणि चुन्याची सफेदी यावर काम भागे. आता सिमेंटच्या भिंतीला पुट्टी आली, आणि पुट्टी आली की ती घासणे आले. यंत्राने घासावी की हाताने, असे बरेच जण विचारतात. आधी माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नासाठी आम्ही घर रंगवायला काढले. ‘यंत्राने एका दिवसात उरकतो,’ असे रंगारी म्हणाला. मी होकार दिला. यंत्राला धूळ ओढण्याची सोय नव्हती. शेजारच्या खोलीत ज्वारीची पोती, त्यापलीकडे थोरल्या भावाची खाट. त्याला जुना दमा. संध्याकाळपर्यंत घरभर पिठासारखी धूळ बसली आणि रात्री भावाला दवाखान्यात न्यावे लागले. फवारताना तोंड झाका म्हणून गावोगाव सांगणारा मी, स्वतःच्या घरात विसरलो!

यंत्राने मोठी भिंत लवकर होते, खांदे भरून येत नाहीत. पण ते एका जागी रेंगाळले की खळगा पडतो. कोपरे व खिडक्यांच्या कडा हातानेच कराव्या लागतात. दोन-तीन खोल्यांना हातकाम पुरेसे आहे. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने घासा. कागदाचा अंक जितका मोठा, तितका तो बारीक. शेवटचा हात २२० किंवा त्याहून बारीक कागदाचा द्या. भिंतीलगत दिवा धरला की उंचवटे दिसतात, तेवढेच घासा. मुळात पुट्टीचे दोन पातळ हात नीट ओढले, तर घासायला थोडेच उरते. सिमेंटची पुट्टी फार दिवस तशीच ठेवू नका. ती कडक होते.

यंत्र हवेच असेल तर धूळ ओढणारा पंप जोडलेलेच घ्या. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, अशा यंत्रांनी हवेतील धूळ ८० ते ९७ टक्के घटली.

काम कसेही करा, एवढे पाळाच :

१. धान्य, चारा, पाण्याची भांडी आधी हलवा. लहान मुले, गरोदर बाई व दमेकरी यांना दुसरीकडे ठेवा.

२. घरातल्या दाराला प्लॅस्टिकचा कागद लावा, बाहेरची खिडकी उघडी ठेवा. छताचा पंखा लावू नका.

३. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा.

४. कोरडा झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. भिंतही पुसून वाळू द्या, नाहीतर धुळीवर दिलेला रंग पोपडे धरतो.

५. जुना तेलरंग कोरडा खरवडू नका, त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा २०१७ पासून आली.

आणखी एक. आपल्या घरी ही धूळ चार दिवस. रंगाऱ्याच्या छातीत ती वर्षभर जाते. त्याच्यासाठीही एक मास्क आणा. सामानाच्या यादीत तो पहिला लिहा.