पिठ्या ढेकणापासून टीबीपर्यंत
“डॉक्टर, माझी प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणूनच टीबी झाला ना?” पिंप्राळ्यातले रुग्ण अपराध्यासारखे विचारतात. सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. जंतूही बेरकी आहे.

हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेतील डॉ. संजीव खोसला यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले, की क्षयजंतूचे एक प्रथिन आपल्या पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएवर मिथाइलच्या खुणा करते. अशा खुणेमुळे धडधाकट जनुकही गप्प बसू शकते. खोसलांनी आधी अभ्यास केला होता तो पिठ्या ढेकणाचा! (आपले कापूसवाले या किडीला चांगलेच ओळखतात.) असल्या ‘बिनकामाच्या’ संशोधनावर सरकारने पैसा घालायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खुणा पुसणारे टीबीचे औषध अजून आलेले नाही. तोवर ‘इम्युनिटी’च्या डब्यांवर पैसे घालवू नका. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; बहुतेकांचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, तो पुरा करा.