पिवळं कार्ड

मागच्या महिन्यात कंपनीने सांगितलं, क्लायंटकडे सहा आठवडे जायचंय, साओ पावलोला. ब्राझील! रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावात ब्राझील म्हणजे फक्त फुटबॉल. त्यामुळे बातमी कळताच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. रस्त्यात मोबाईल बाहेर काढू नकोस, पासपोर्ट खोलीवर ठेवून खिशात झेरॉक्स बाळग, रात्री एकटा भटकू नकोस. सगळं बरोबर आहे आणि मी ते पाळणारही आहे. पण एक सल्ला असा आला की डोकंच फिरलं.

हापिसातला एक सीनिअर म्हणाला, "पिवळ्या तापाची लस कशाला टोचून घेतोस? एजंट नुसतं कार्ड करून देतो. येताना एअरपोर्टवर कार्डच तर बघतात!"

आता ही भानगड काय ते सांगतो. पिवळा ताप, म्हणजे यलो फीव्हर, हा डासांमुळे पसरणारा आजार. त्यावर खास औषध नाही. आजार गंभीर झाला तर त्यातले साधारण निम्मे रुग्ण दगावतात. ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात मोठी साथ आली होती. दोन हजारांवर रुग्ण, सातशेच्या वर मृत्यू, आणि साओ पावलो राज्यही त्यात होतं. म्हणजे ही जुनी पुराणातली गोष्ट नाही. लस मात्र एकदा घेतली की झालं. पूर्वी कार्ड दहा वर्षांचं असायचं, २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

गंमत म्हणजे हे कार्ड परत येताना आपलंच सरकार मागतं. नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवतात. सहाच का? तर डास चावल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ६ दिवस लागतात म्हणून. सीनिअरला हा नुसता सरकारी जाच वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या गावात आहे.

शहरात हा ताप पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. हो, आपला डेंग्यूवालाच! दिवसा चावणारा, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो. मग घराघरात रांजण, ड्रम, हौद, टाकी, जे सापडेल ते भरून ठेवतात. ठेवणार नाहीत तर काय करतील? म्हणजे डास आहे, पाणी आहे, माणसं आहेत. फक्त तो विषाणू भारतात अजून नाही. तो आणायला ताप अंगात घेऊन उतरलेला एक प्रवासी पुरेसा होऊ शकतो. नकली कार्ड एअरपोर्टवरच्या माणसाला फसवेल, डासाला नाही.

"असं कुठे होतं का," असं म्हणणाऱ्यांनी चिकुनगुन्या आठवावा. १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं तो जवळजवळ गायबच होता. २००५-०६ मध्ये परत आला तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला दिसलं की हा जुना विषाणू नाही, आफ्रिकेकडच्या वंशाचा आहे. बाहेरून आला, इथला डास तयारच होता, आणि गावंच्या गावं आडवी झाली. मी तेव्हा शाळेत होतो. आजीचे गुडघे त्या वर्षी धरले ते धरलेच. ती अजून भिंतीला हात लावून उठते आणि विचारते, "एका मच्छरानं एवढं होते का रे बापू?"

होतं गं आजी.

आता थोडा दोष कंपन्यांनाही. ऑनसाइटचं तिकीट तीन दिवस आधी पक्कं करतात. लसीचा परिणाम मात्र धरायला १० दिवस लागतात. तीन दिवस आधी लस घेऊन गेलं तर परत येईपर्यंत कार्ड चालू होतं, पण तिथला पहिला आठवडा माणूस उघड्यावरच असतो. नकली कार्डाचा धंदा या घाईवरच चालतो. व्हिसाच्या यादीत लसही घाला आणि वेळ द्या, एवढंच मागणं आहे.

कोणी जाणार असेल तर माझा अनुभव असा. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, मी पुण्यात घेतली. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. एक दिवस दंड दुखला, बाकी काही नाही. मात्र ही लस डेंग्यू किंवा झिका थांबवत नाही. तेव्हा तिथे दिवसासुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डास पळवणारं मलम हवंच. आणि परत आल्यावरही दोन-तीन आठवडे स्वतःला डास चावू देऊ नका. ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा, मी कुठून आलोय ते.

परतल्यावर लगेच चुलतबहिणीचं लग्न आहे गावी. मांडवात आजी असेल, लहान पोरं असतील, आणि मांडवामागे पाण्याचे भरलेले ड्रम. तिथे मला खऱ्या कार्डानिशी जायचंय. सीनिअरला हे सगळं सांगितलं, तो हसला. हसू दे.