नकाराचा अधिकार

“नवा धंदा उभारणाऱ्यास थोडें फुगवून बोलावेंच लागतें,” असें परवां एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस बजावलें. हा युक्तिवाद सुशिक्षितांतही रूढ होऊं पाहत आहे. म्हणून त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

अमेरिकेंतील थेरानोस कंपनीचीच हकीकत घ्या. एलिझाबेथ होम्स यांनीं ती २००३ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं काढली. बोटांतील दोन-चार थेंब रक्तावर शेंकडों तपासण्या करण्याची त्यांची प्रतिज्ञा. यंत्रास तें साधलें नाहीं. पण यंत्र फसणें हा कांहीं गुन्हा नव्हे. गुन्हा पुढें झाला. एका विभागानें दुसऱ्याशीं कामाची वार्ता करूं नये, असा दंडक पडला; शंका काढणारा द्रोही ठरला. संचालक मंडळांत दाटी मुत्सद्दी व सेनानी यांची. बहुतेक तपासण्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर उरकून डंका मात्र स्वतःच्या यंत्राचा वाजविला! अखेर २०१६ सालीं त्या यंत्रावरचे दोन वर्षांचे निकाल रद्द करावे लागले, २०१८ सालीं कंपनी मोडली, आणि २०२२ सालीं गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्सबाईंस ११ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. पण ते निकाल खरे मानून चाललेल्या रोग्यांचें काय?

साहसाचें कौतुक आम्हांसही आहे. परंतु “हें अजून साधत नाहीं” असें म्हणणाऱ्या यंत्रज्ञास जेथें नोकरीचें भय बाळगावें लागतें, तेथील धन्याच्या फुगवून बोलण्यास जुगार हेंच नांव शोभतें. आणि पणास लागतो तो परक्याचा जीव.