वाचा गेली, माणूस नव्हे

पक्षाघात झाला की आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. वस्तुतः मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. तेव्हा तडक इस्पितळ गाठावे हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. रोगी घरी आल्यावर काय करावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मुळशी धरणापलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवरील एका गावी माझ्या विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. तिच्या आजोबांची उजवी बाजू लुळी पडलेली. पाणी हवे असले तरी तोंडून ‘नाही, नाही’ एवढेच निघे. आजी म्हणाल्या, “मुळातच हेकट, आता तर बघायलाच नको!” आजोबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्यांना सारे कळत होते.

भाषा शिकविणे हा माझा व्यवसाय; म्हणून हे अधिकच लागले. मेंदूच्या डाव्या पुढल्या भागाला इजा झाली की वाचा जाते, पण समज बरीचशी राहते, हे फ्रेंच वैद्य ब्रोका यांनी १८६१ मध्येच दाखविले होते. अशा माणसाशी समोर बसून, एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मान हलवून किंवा बोट दाखवून उत्तर देता येईल असा. मग थांबावे. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलू नये. गंमत अशी, की शब्द हरपले तरी पाठांतर पुष्कळदा उरते. संध्याकाळी घरात हरिपाठ सुरू झाला, तेव्हा आजोबांचे ओठ बिनचूक हलत होते!

बाकीच्या गोष्टीही साध्याच. गिळता येते की नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. भरविताना ताठ बसवावे, घास लहान द्यावा, नंतर अर्धा तास आडवे करू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी. उठविताना लुळा हात ओढू नये; खांदा दुखावतो.

अशा शुश्रूषेला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये कर्करोग्यांसाठी तसे केंद्र निघाले. पण ही दृष्टी एकाच रोगापुरती नाही. औषधोपचार सोडणे असा तिचा अर्थ नव्हे. दुःख हलके करावे, पुढचे निर्णय रोग्याला विचारूनच घ्यावेत, आणि सेवा करणाऱ्यालाही जपावे, एवढेच तिचे सांगणे.

त्या घरी सारा भार सुनेवर होता. रात्रीची झोप तिला ठाऊक नव्हती. वाचकहो, दिवाळीत अशा घरी फराळाचा डबा जरूर न्या; पण त्याबरोबर दोन तास रोग्यापाशी बसा आणि त्या माउलीला म्हणा, “तू जरा नीज.” याहून मोठी ओवाळणी नाही.