बंद फाटकाची आज्ञा

दि. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथु ला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर भर दुपारी हिमस्खलन झाले आणि सात पर्यटक प्राणास मुकले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच दिले जात होते. दुर्घटना घडली पंधराव्या मैलाजवळ. निसर्गाच्या कोपाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्या दोन मैलांचा हिशेब कोणी द्यायचा?

मैदानी प्रदेशातील माणसाला बर्फ पिंजलेल्या कापसासारखा भासतो. प्रत्यक्षात उतारावर त्याचे थरावर थर साचतात. एखादा थर कच्चा असला आणि त्यावर नव्या हिमवर्षावाचा भार पडला, किंवा उन्हाने पकड सैल झाली, की सारा उतार क्षणार्धात खाली येतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार विशेष घातक. थांबताच हा बर्फ दगडासारखा घट्ट होतो आणि पाव तासानंतर गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा झपाट्याने मावळते. जानेवारी २०१९ मध्ये लडाखमधील खारदुंग ला मार्गावर मालमोटारींतून जाणारे दहा जण असेच गाडले गेले. गाडी दणकट आणि चालक निष्णात असला तरी येथे कौशल्य थिटे पडते.

रोहतांगखालील अटल बोगदा २०२० मध्ये आणि सोनमर्गचा बोगदा २०२५ मध्ये खुला झाला. झोजिला बोगद्याचे काम चालू आहे. हे राष्ट्राचे मोठे कर्तृत्व होय. तथापि प्रत्येक वळणावर बोगदा होणे शक्य नाही. उरलेल्या वाटा सीमा सडक संघटनेचे जवान आणि मजूर जिवावर उदार होऊन मोकळ्या ठेवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बद्रीनाथजवळील माणा येथे याच कामावरील आठ मजूर हिमस्खलनात दगावले. नथु लाच्या दुर्घटनेनंतर अडकलेले सुमारे साडेतीनशे पर्यटक सोडवण्यासाठीही अशाच हातांना बर्फ उपसावा लागला. फाटक ओलांडणारा केवळ स्वतःचा जीव पणाला लावत नाही.

एप्रिल-मेच्या सुट्टीत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे हिमालयात जातात. त्या वेळी उंचावर बर्फ असतोच. ‘थोडे पुढे घ्या, वर पैसे देऊ’ हा आग्रह पोटासाठी गाडी चालवणाऱ्या स्थानिक चालकाला मोडवत नाही. म्हणून संयमाचा आरंभ प्रवाशाने करावा. निघण्यापूर्वी हिमस्खलनाचा इशारा पाहावा. धोक्याच्या पट्ट्यात छायाचित्रांसाठी थांबू नये. पुढे रस्ता बर्फाने अडला असेल तर त्याच घळीखाली रांग लावून उभे राहू नये. तेथे पुन्हा बर्फ कोसळू शकतो. प्रवासी संस्थांनीही खिंडीच्या दर्शनाची हमी देणे थांबवावे.

हिमालयाला आपण देवतात्मा म्हणतो. देवळाचे दार बंद असता कोणी ते ढकलून आत शिरत नाही. खिंडीच्या फाटकापाशीही तीच मर्यादा पाळावी.