पाण्याची झाली ती गत विजेची होऊ नये

शहापूर व मुरबाड हे तालुके मुंबई-ठाण्याच्या तहानेशी कायमचे जोडले गेले आहेत. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. पुढे मोडकसागर, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा अशी धरणांची साखळी उभी राहिली. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी एकट्या भातसा धरणाचे आहे. मुरबाडच्या सीमेवरील बारवी धरण ठाणे जिल्ह्यातील शहरे व कारखाने यांना पाणी पुरविते. आणि याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहिली जाते. ही विसंगती सर्वांच्या परिचयाची आहे. तक्रारीचा पाढा पुन्हा वाचावा म्हणून आम्ही ती येथे मांडलेली नाही. पाण्याच्या बाबतीत जे घडले, ते स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीत घडू नये, हे सांगण्यासाठी मांडली आहे.

हवामान बदल हा शहरी, सुशिक्षित लोकांच्या चर्चेचा विषय आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना अद्याप वाटते. परंतु त्याचा पहिला तडाखा भात, नाचणी व वरई यांवर जगणाऱ्या माणसाला बसतो. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पावसाला खंड पडतो आणि पडतो तेव्हा तो कोसळतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. माळीण (२०१४) व इर्शाळवाडी (२०२३) येथे मुसळधार पावसात डोंगर खचून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या. अशा दुर्घटनांना एकच कारण नसते हे खरे. पण असा पाऊस वारंवार येऊ लागला तर डोंगरउतारावर घर असलेल्या माणसाचा धोका वाढतो, हेही तितकेच खरे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. दर माणशी अमेरिकेत वर्षाला सुमारे १४ टन कार्बन वायू हवेत सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबाचा वाटा तर नगण्यच. मग दोष ज्यांचा नाही त्यांनी झीज का सोसावी? प्रश्न रास्त आहे. परंतु स्वच्छ ऊर्जा ही आपल्यासाठी झीज नव्हेच. ती आपल्या हक्काची मिळकत ठरू शकते, मात्र आपण ती मागितली तर. ज्याचे नुकसान अधिक, त्याचा या चळवळीतील आवाजही पहिला असला पाहिजे.

या मागणीला आपल्याकडे मोठा वारसा आहे. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज व पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडला. वीज स्वस्त व मुबलक असावी, आणि ती कोणासाठी हवी हे आधी ठरवावे, अशी त्यांची दृष्टी होती. तोच प्रश्न आज सौरऊर्जेबाबत विचारला पाहिजे.

हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात घाटघर आणि पायथ्याशी शहापूर तालुक्यात चोंढे असा २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालू आहे. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण करायची, ही त्याची पद्धत. सूर्य मावळल्यावर लागणारी वीज अशा रीतीने डोंगरात साठविता येते. सौरऊर्जा वाढेल तसे असे प्रकल्पही वाढतील आणि सह्याद्रीच्या उतारांकडे अनेकांचे लक्ष वळेल. आमचा अशा प्रकल्पांना सरसकट विरोध नाही. कोळशावरील अवलंबन कमी करायचे तर साठवण हवीच. परंतु शहापूर तालुका आणि मुरबाडमधील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील हक्क मान्य केले आहेत. ते अधिकार डावलून आलेली वीज कितीही स्वच्छ असली तरी तिचा व्यवहार स्वच्छ म्हणता येणार नाही.

मागणी करणाऱ्याने स्वतःपासून आरंभ करावा हे उचित. आपल्यासारख्या निवासी शाळेच्या छपरावर १० किलोवॅटचे सौरसंच बसविण्यास सुमारे हजार चौरस फूट जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी ४० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ती घटते, पण नेट मीटर असल्यास उन्हाळ्यातील जादा विजेचा हिशेब बिलात वळता होतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील खरकटे व भाजीपाल्याचा कचरा बायोगॅससाठी उपयोगी पडतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली अशी लहान संयंत्रे विकसित केली असून त्यासाठी २००६ साली संस्थेला ॲशडेन पुरस्कार मिळाला. घरांसाठी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजना आहे. ३ किलोवॅटच्या संचाला तिच्यातून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पालकांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

मात्र संच बसविला म्हणजे काम संपले, असे होत नाही. देणगीतून आलेला सौरदिवा बॅटरी संपताच बंद पडतो आणि पुढे त्याचा नुसता खांब उरतो. आपल्या भागातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून देणगीइतकीच दुरुस्तीची व्यवस्था महत्त्वाची आहे. आयटीआय झालेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावातील दोन मुलांना हे काम शिकविले, तर पाड्याला कोणाच्या उपकाराची गरज राहणार नाही.

माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांना आमचे नम्र आवाहन आहे की, येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत. पहिला, गावच्या नळयोजनेचा पंप, अंगणवाडी, शाळा व आरोग्य उपकेंद्र प्रथम सौरऊर्जेवर यावे. दुसरा, आपल्या हद्दीत येणाऱ्या कोणत्याही ऊर्जाप्रकल्पाने गावाच्या विजेचा व पाण्याचा वाटा आधी लेखी मान्य करावा. धरणे बांधली गेली तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना असे काही विचारलेच गेले नाही. आपण या शाळेत लिहायला-वाचायला शिकलो. ठराव लिहिणे आणि त्याचा पाठपुरावा करणे आपल्याला जमले पाहिजे.