शय्यारक्षक आणि नोंदवही

‘युनक’ हा शब्द मुळात शरीराचा नव्हे, पदाचा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शय्येचा राखणदार. लॅटिनमार्गे इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत तो ‘एउनुको’ झाला. प्रत्यक्ष खच्चीकरणासाठी या भाषांजवळ निराळे शब्द होतेच: इटालियनांचा ‘कास्त्रातो’, पोर्तुगीजांचा ‘कापादु’. पुढे दरबार लयाला गेले, पदही गेले; शब्दात जखम तेवढी उरली.

हीच जखम इंग्रजांनी कायद्यात आणली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘युनक’ कोण, हे ठरविण्याचे काम वैद्यकीय तपासणीकडे दिले आणि संशयितांची नावे नोंदवहीत घातली. वसाहत संपली, सवय संपली नाही. २०११ मध्ये बंगळुरूच्या विधानसौधाने कर्नाटक पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घातले. तीच नोंदवही, तोच शब्द. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर २०१६ मध्ये ‘युनक’च्या जागी ‘व्यक्ती’ आली. याला सुधारणा म्हणणाऱ्यांनी ते कलम पुन्हा वाचावे. पाटी बदलली, नोंदवही फाडली गेली नाही.

मराठीनेही यात शहाजोगपणा मिरवू नये. घर, पाणी, मूल हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. त्याची लाज कोणा वैयाकरणाला वाटली नाही. तोच शब्द सभेत मात्र सरकारला हासडायची शिवी होतो. सौंदत्तीच्या जोगत्यापुढे भंडाऱ्यासाठी कपाळ वाकवणारा भक्तही घरी परतल्यावर भेकडाला ‘हिजडा’च म्हणतो.